दोरी घरच्यानं धरायची

सलालाह, ओमान, ६ मे

आई,

नमस्कार-चमत्कार राहू देत. तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलात, म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो शेजारच्या प्रियांकाच्या फोनवर पाठवते आहे. ती तुमच्या हातात फोन देईल आणि तुम्ही चष्मा शोधेपर्यंत थांबेल. माझा आवाज ऐकून तुम्ही फोन आपटाल, पण समोर आलेलं अक्षर वाचल्याशिवाय टाकायचं तुम्हाला जमत नाही. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा तुम्ही वाचून मग चुलीत घालता.

एकच मागणं आहे. तुमच्या धाकट्याला, साईला, इकडे पाठवू नका.

पोलिसांनी कळवलं इंग्रजीत, नोकरीच्या एजंटनं ते सांगितलं हिंदीत, आणि देवबागेत पोचेपर्यंत त्याचं तिसरंच काहीतरी झालं. तुम्ही गावभर सांगताय की तुमचा थोरला गजेंद्र बेपत्ता आहे, सापडला नाही म्हणजे कुठंतरी असेल. आई, तो बेपत्ता नाही. तो कुठं आहे ते सगळ्यांना माहीत आहे. मी डोळ्यांनी बघितलंय.

त्या दिवशी गजेंद्रच्या डायव्हिंग सेंटरच्या पाहुण्यांची नेहमीची सहल होती. सकाळी सुम्हुरमचे पडके अवशेष, दुपारी मिरबातला डायव्हिंग. तिथं कड्याखाली पाण्यात गुहा आहेत. पाहुण्यांना तोंडापर्यंतच न्यायचं, आत नाही, असा नियम. एक पाहुणा कॅमेरा घेऊन आत घुसला. गजेंद्र त्याच्यामागे गेला, त्याला मागून धरून बाहेर ढकललं. इतक्यात तळाचा गाळ उठला आणि गजेंद्रला स्वतःला वाट दिसली नाही. बाहेर म्हणून जिकडे गेला ती फट होती. पाहुणा जिवंत आहे. मला भेटायला आला होता, रडला. मी त्याला चहा दिला. काय करणार?

पोलिसांच्या पाणबुड्यांनी दोन वेळा आत कॅमेरा सोडला. त्यातला एक जण मला बघू नका म्हणत होता, पण मी बघितलं. निळा सूट, पाय माझ्याकडे. खांद्यापासून पुढे दगडात. वरचा दगड सुटा आहे, हात लावला तर सगळंच खाली येईल, म्हणून माणूस आत पाठवणार नाही असं त्यांनी लिहून दिलं. गुहा बंद केली. मी त्यांच्याशी भांडले, आई. सातारची आहे, भांडायला मागे राहत नाही. पण तो अधिकारी म्हणाला, सिस्टर, मला तीन पोरं आहेत आणि ह्या माझ्या माणसांनाही आहेत.

भटजींनी सांगितलंय, देह मिळत नसेल तर पळसाच्या पानांचा पुतळा करून संस्कार करता येतो, शास्त्रात आहे. त्यावर तुमचा निरोप आला, "पानांचो पुतळो माझो झील न्हय." सुतकही धरलं नाहीत आणि मला मंगळसूत्र काढू दिलं नाहीत. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण तुमचं कारण मला माहीत आहे. बाबांची होडी रिकामी आली तेव्हा तुम्ही पानांचा पुतळा जाळलात आणि त्यानंतर वर्षानुवर्षं संध्याकाळी वाळूत जाऊन उभ्या राहिलात. गजेंद्रनंच सांगितलं होतं मला.

पण गजेंद्रला बाहेर काढायला साईला पाठवून काय होणार? त्यानं तारकर्लीला पाहुण्यांना रंगीत मासे दाखवलेत. गुहा बघितलेली नाही. तुम्ही नको म्हणालात तर तो थांबेल. दुसऱ्या कुणाचं तो ऐकत नाही.

यशश्री


सलालाह, १७ मे

आई,

पाठवलातच.

बुधवारी उतरला. बॅगेत सोलं, सुका बांगडा, तुमचा मालवणी मसाला आणि त्याखाली दोरीचं भलंमोठं वेटोळं. कस्टमवाल्यानं बांगडा हुंगून बघितला आणि दोरीकडे ढुंकून बघितलं नाही. साई बारीक झालाय. पण दारात मला बघून पहिलं वाक्य बोलला ते असं की वयनी, तुझ्या हातची भाकरी होयी, विमानात सगळा कागदासारखा होता. मी भाकरी करता करता रडून घेतलं, तव्याच्या धुराचं निमित्त करून.

गजेंद्रचा बोटवाला मुनीर तुम्हाला नावानं ठाऊक असेल. जयगडचा. त्याची बायको रईसा महिनाभर माझ्याकडे डबा पाठवते आहे, मी शाळेत जाते आणि घरी येते तेवढंच करू शकते म्हणून. मुनीरभाईंनी साईला खूप समजावलं. म्हणाले, गजा माझ्या पाठच्या भावासारखा होता, मला काय वाटत नसेल? पण कबर खणायला गेलेल्यानं कबरीत उतरून झोपायचं नसतं. साई ऐकत होता, मान डोलवत होता आणि मध्येच विचारत होता की इथल्या मच्छीमारांकडे कॉम्प्रेसर मिळेल का.

मिळाला, आई. डायव्हिंग सेंटरवाल्यांनी सिलेंडर द्यायला नकार दिला, पोलिसांची बंदी आहे म्हणून. तर ह्यानं जुना कॉम्प्रेसर आणि लांब नळी मिळवली, तुमच्याकडे वापरतात तशीच. म्हणतो, नळीनं उलट बरं, वरून हवा येत राहते, संपायची भीती नाही. ती नळी दगडावरच्या कालवांच्या शिंपल्यांच्या धारेवर घासली की कापली जाते, हे मला घाटावरच्या बाईला कळतं आणि त्याला कळत नाही?

काल सुट्टी होती म्हणून त्याला सुम्हुरमला घेऊन गेले. जरा वेळ पाण्यापासून लांब राहील म्हणून. गजेंद्र लग्नानंतर मला पहिल्यांदा तिथंच घेऊन गेला होता. खाडीच्या काठावर टेकाड आहे, त्यावर दगडी तट, कोठारं, विहीर. इथून लोबान जहाजांत भरून आपल्याकडे जायचा. एका भिंतीवर कुणीतरी खिळ्यानं जहाज कोरून ठेवलंय, शीड आणि दोऱ्यांसकट. साई त्यापुढे बराच वेळ उकिडवा बसला. बोटानं दोऱ्या मोजत होता, एक चुकीची काढलीय म्हणाला. जरासा हसला पण.

मी त्याला दाखवलं, बघ, खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध आलाय. बंदर बुजलं, लोक उठले आणि गेले. कितीही मोठं असलं तरी सोडायची वेळ आली की सोडावं लागतं. मला वाटलं बरं बोलले. साई म्हणाला, "गेले ते आपली माणसा दगडात टाकून गेले काय?"

मग परत येताना गाडीत त्यानं मुद्द्याला हात घातला. बुडी मारणाऱ्याच्या कमरेला दोरी असते आणि ती वर घरच्याच माणसानं धरायची, ही तुमच्याकडची रीत. परका माणूस घाबरतो, कंटाळतो, घरचं माणूस सोडून जात नाही. लग्न झाल्या झाल्या मला ही रीत ऐकवली होतीत. एक हिसका म्हणजे आणखी दोरी सोड. दोन म्हणजे मी बरा आहे. तीन म्हणजे ओढ. आणि सोड म्हटल्यावर वरून दोरी सुटली नाही, तर समजायचं की वर काहीतरी बिघडलंय, हातातलं काम टाकून तसंच माघारी फिरायचं. खालच्यानं वरच्याला प्रश्न विचारायचा नाही.

साईची दोरी आजवर गजेंद्रनं धरली, गजेंद्रची साईनं. आता घरचं माणूस इथं एकच उरलंय. मी.

मी नाही म्हणून सांगितलं. माझ्या हातून हे होणार नाही. तो म्हणाला, मग मी दोरीशिवाय जाईन. जाईल तो, आई, तुम्ही ओळखता त्याला. जूनमध्ये इथला पावसाळा लागतो, खरीफ म्हणतात, समुद्र खवळतो तो थेट सप्टेंबरपर्यंत. त्यानंतर त्या फटीत काही राहणार नाही हे त्यालाही माहीत आहे. म्हणून त्याला घाई झालीय.

तुम्ही एक शब्द बोला. "ये घरी" एवढाच. तुमचा एक मुलगा गेलाय, दुसरा माझ्या स्वयंपाकघरात बसून दोरीला गाठी मारतोय. हातचं सोडून पळत्यापाठी लागायचं वय आहे का हे तुमचं?

रागानं लिहिलं. राहू दे तसंच.

यशश्री


सलालाह, २४ मे

आई,

प्रियांकानं तुमचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला. महिन्याभरानं ऐकला. बसलाय तुमचा आवाज. मागे कोंबड्या ओरडत होत्या.

"दोरी तू धर. तू घाटावरची, तुका समुद्राचा काय कळता, पण तू तेची बायल आसस. माझ्या झिलाक हाड."

एवढंच. आपल्या मुलाला आण म्हणालात, साईचं नाव नाही. तो जपून जाऊ दे, असंही नाही. मी ते परत परत ऐकलं, कुठं काही सांडलंय का म्हणून. शेवटी तुम्ही श्वास घेता तो ऐकू येतो, मग बंद.

साईनंही ऐकलं. उठून गेला आणि बाल्कनीत उभा राहिला. मला त्याची कीव आली. आईनं आपलं नाव घेतलं नाही हे त्यालाही कळलं असणार. पण आत येऊन म्हणाला, झाला मगे, आवशीन सांगितल्यान.

ठीक आहे. धरते दोरी. मुनीरभाई बोट चालवणार आहेत, रईसा त्यांच्याशी चार दिवस बोलत नाहीये. मी शाळेतून सोमवारची रजा घेतली. कारण विचारलं तर सांगितलं घरचं काम आहे.

पोहायला येत नाही मला. बोटीत बसलं की मळमळतं. गजेंद्र म्हणायचा, तू बोटीत बसलीस की समुद्रालाच उलटी होईल. लग्नानंतरच्या दिवसांत तो माझी चेष्टा करायचा आणि मी खोटं खोटं रुसायची, आणि मला ते आवडायचं. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. तुम्हाला वाटायचं ही सून माझ्या मुलाला तोडून आखातात घेऊन गेली. नेलं त्यानं मला, आई. मी कुठंही गेले असते त्याच्याबरोबर.

आता खूश व्हा. तुम्ही सांगितलंत ते करते आहे.

यशश्री


मिरबात, २६ मे, दुपारी

आई,

साई जिवंत आहे. हे आधी लिहिते.

मुनीरभाईंच्या ओळखीच्या एका घराच्या ओट्यावर बसून लिहिते आहे. माझे हात सोलवटलेत, अक्षर लागलं नाही तर प्रियांकाला वाचायला सांगा.

सकाळी निघालो तेव्हा पाणी शांत होतं. कड्याखाली बोट लावली. गुहेचं तोंड वरून काळ्या डागासारखं दिसतं, बाकी काही नाही. मला वाटलं होतं मी तिथं पोचल्यावर कोसळेन. तसं झालं नाही. मी दोरीचं वेटोळं सोडवत बसले. साईनं नारळ फोडून पाण्यात सोडला, हात जोडले, तुमच्या रवळनाथाचं नाव घेतलं. दोरीला एका ठिकाणी लाल चिंधी बांधली होती. म्हणाला, ही चिंधी तुझ्या हातातून गेली की समज, मी फटीच्या तोंडाशी आलो. मग सांभाळून सोड. मी हो म्हटलं. माझ्या पायाला हात लावला त्यानं. दीराच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचं असतं ते काहीच मला सुचलं नाही.

कॉम्प्रेसर सुरू झाला आणि तो गेला.

दोरी सरकत राहिली. एक हिसका आला की मी सोडायची. मध्येच दोन यायचे, बरा आहे. कॉम्प्रेसरच्या आवाजात मुनीरभाई काहीतरी पुटपुटत होते, कलमा असेल. मग चिंधी आली. माझ्या मुठीतून गेली, बोटीच्या काठावरून घसरली आणि पाण्यात लाल दिसेनाशी झाली.

एक हिसका आला. सोड.

मी सोडली नाही. बोटीला जो खुंटा असतो त्याला दोरीचे दोन वेढे दिले आणि वर हातानं धरून ठेवली. मुनीरभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

पुन्हा एक हिसका. मग पुन्हा, जोरात. माझे हात सोलले ते तेव्हा. आई, खाली तुमचा मुलगा दोरी मागत होता आणि मला त्याचा हात त्या दोरीतून कळत होता, अगदी समोर बसून मागितल्यासारखा. मी नाही दिली. मी मोठ्यानं नाही नाही म्हणत होते असं मुनीरभाई नंतर म्हणाले. मला आठवत नाही.

मग दोरी ढिली झाली. तो मागे फिरला होता. मुनीरभाई पुढे आले आणि आम्ही दोघांनी ओढायला सुरुवात केली.

वर आला तो तोंडातून नळी काढून ओरडतच आला. चेहरा पांढरा झालेला. बोटीच्या काठाला लोंबकळत त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग कॉम्प्रेसरकडे, मुनीरभाईंकडे, पुन्हा माझ्याकडे.

"काय झाला वयनी? तुका काय झाला?"

मी म्हटलं, "काही नाही झालं."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. कॉम्प्रेसर चालूच होता. मुनीरभाईंनी परतीच्या वाटेवर मला हळूच सुचवलं की कॉम्प्रेसर मध्येच अडखळला असं सांगू, मीही तेच सांगेन. चांगला माणूस आहे. पण मी साईला आधीच खरं सांगून बसले होते. तो बोटीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला, माझ्याकडे पाठ करून. अजून बोललेला नाही.

तुमच्या घरची रीत मी मोडली. त्यानं ती पाळली, म्हणून वर आला.

यशश्री


सलालाह, ३ जून

आई,

साईला काल विमानात बसवलं. एव्हाना तुमच्यापुढे असेल. त्याला आधी जेवायला घाला, बाकीचं नंतर. आठवडाभर त्यानं माझ्या घरात धड घास घेतला नाही. रईसानं डबा पाठवला तर तेवढा खायचा, मी केलेलं नाही.

त्यानं पुन्हा जायची खटपट केली. मुनीरभाईंनी दोरी धरायला साफ नकार दिला, म्हणाले मी घरचा नाही, तुमच्याच रीतीत बसत नाही. दोरीशिवाय जाईन म्हणून एका ओमानी मच्छीमाराकडे गेला, त्यानं समुद्राकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, खलास. लाटा सुरू झाल्या होत्या. परवापासून धुकंही उतरलंय. आता गुहेच्या बाजूला कुणी बोट नेणार नाही. पावसाळा संपेपर्यंत तिथं काय होईल ते तुम्हाला मी सांगायला नको, तुमचं आयुष्य पाण्याकाठी गेलंय.

विमानतळावर तो माझ्याशी बोलला. आत जायच्या रांगेत उभा होता, बॅग पायाशी. मला वाटलं शिव्या देईल. द्याव्या असं वाटत होतं मला. पण माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाला, "माझो हात तेच्या पायाक लागललो, वयनी. घोट्याक. सैल होतो तो. येतलो होतो."

मी तिथल्याच लोखंडी बाकावर बसले. तो पुढे म्हणाला की गजेंद्र सैल होता, ओढला तर आला असता, एक हात त्याच्या पायावर होता आणि दुसऱ्यानं तो दोरी मागत होता. वरून सुटली नाही तेव्हा त्याला वाटलं, वयनीला काहीतरी झालं, बोटीतून पडली, पोहता येत नाही. म्हणून त्यानं भावाचा पाय सोडला. माझ्यासाठी सोडला, आई. मग बॅग उचलून आत गेला. मागे बघितलं नाही.

तो तुम्हाला हे सांगेल. कदाचित सांगितलंही असेल. वयनीन दादाक ठेवल्यान असं म्हणेल, ते खरं आहे. वरचा दगड पडला असता की नाही, गजेंद्र बाहेर आला असता की दोघंही आत राहिले असते, हे आता कुणालाच कळणार नाही. पोलिसांच्या कानावर गेलंच, पण बंदी मोडल्याबद्दल झापून झाल्यावर अधिकारी मला म्हणाला, तुम्ही त्याला वाचवलंत. शाळेतल्या बायका म्हणतात, तू धीराची. रईसा माझा हात धरून बसते. सगळे मला शाबासकी देतायत आणि मला एकेकीच्या कानाखाली मारावीशी वाटते.

पुतळा करा किंवा करू नका. सुतक धरा किंवा धरू नका. माझं मंगळसूत्र मी काल काढलं, ते माझ्यापुरतं. मला देवबागेत पाय ठेवू द्यायचा नसेल तरी समजेन. नोकरी आहे, इथं राहीन.

पण एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही, ती तुम्हाला सांगते. सगळ्यांना वाटतं मी विचार करून, छातीवर दगड ठेवून ते केलं. तसं नाही. मी घाबरले होते. मला वाटत होतं खाली अजून काहीच नाही, नुसता अंधार आहे आणि साई त्यात चाललाय. म्हणून नाही सोडली. त्याचा हात गजेंद्रपर्यंत पोचलाय, तो घोटा त्याच्या मुठीत आहे, हे मला वर कळलं असतं ना आई, तर मी सोडली असती. साईचं काय होईल याचा विचार केला नसता. देवाशप्पथ, सगळी दोरी सोडून दिली असती.

साई माझ्या शहाणपणानं जिवंत नाही. मला कळलं नाही म्हणून जिवंत आहे.

हे त्याला सांगू नका. तुम्हाला सांगितलं, कारण तुम्हीही सोडली असतीत.

यशश्री